धागा: पीळ, उलटा पीळ आणि जनुक... गायरेज नक्की करतं काय?

मलप्रभाकाठ
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत आणि आता बेळगावात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी. प्रश्न असा हाय की आमच्या पुस्तकात डीएनए गायरेज फक्त रेप्लिकेशनच्या, म्हणजे डीएनएची नक्कल होण्याच्या, धड्यात येतं, पुढं पीळ साचतो तो हे एन्झाइम सोडवतं, एवढं लिहिलंय आणि संपलं. ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे जनुक वाचून आरएनए बनण्याच्या, धड्यात त्याचं नावच नाही. पण परवा मॅडम बोलता बोलता म्हणाल्या की गायरेज बंद पाडलं तर ट्रान्सक्रिप्शन पण बिघडतं, काही जनुकं मंद होतात आणि काही उलट जोरात चालू होतात, आणि का ते विचारायच्या आत तास संपला. तेव्हापासून डोक्यात तेच. पीळ सोडवणारं एन्झाइम बंद केल्यावर एखादं जनुक वाढेलच कसं? आणि दुसरं म्हणजे ते डीएनएचे दोन्ही पेड कापतं म्हणतात, मग टोकं निसटून जात नाहीत काय? पुढच्या आठवड्यात मला यावर वर्गात बोलायचंय. इंग्रजीत पाठ करून बोलता येईल पण मला ते कळायला पाहिजे, आणि मला कळतं ते मराठीतच. कुणाला माहीत असेल तर सांगा, लांब लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचीन.

घाटमाथा
मी निपाणीचा, सध्या बंगळुरूत पीएचडी करालोय, विषय जवळचाच आहे म्हणून लिहितो. लांब होणार.

आधी आकडे बघ, कारण आकडे बघितल्याशिवाय अडचण किती मोठी ते कळत नाही. ई. कोलाय या जंतूचा डीएनए साधारण अक्षरांच्या ४६ लाख जोड्यांचा, सरळ ताणला तर दीड मिलिमीटरच्या वर भरेल, आणि राहायचं कुठं तर दोन मायक्रॉन लांबीच्या पेशीत. दर साडेदहा जोड्यांना एक वेढा, म्हणजे सगळे मिळून ४ लाख ४० हजाराच्या आसपास वेढे. आता खरी गंमत, बॅक्टेरिया यातले शंभरामागं साधारण सहा वेढे मुद्दाम कमी ठेवतो. म्हणजे पंचवीस हजारांवर वेढे कमीच. डीएनए गोल आहे, मोकळं टोक नाही, त्यामुळं कमी केलेल्या वेढ्यांचा ताण कुठं पळून जाऊ शकत नाही, मग तो डीएनए स्वतःभोवती वळून बसतो. याला ऋण सुपरकॉइलिंग म्हणतात, आपण इथं उलटा पीळ म्हणू. हा उलटा पीळ भरायचं काम गायरेजचं, आणि त्यासाठी ते एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतं. भरलेल्या पिळातला अर्धा भाग एचयू, फिस, एच-एनएस असली प्रथिनं डीएनएला गुंडाळून धरून ठेवतात, उरलेला अर्धा खराखुरा ताण म्हणून शिल्लक राहतो.

मी एमएस्सीला असताना समजत होतो की हे सगळं डीएनए लहान जागेत मावावा म्हणून, कपडे घडी घालून ट्रंकेत ठेवावे तसं. ते अर्धंच खरं आहे. महत्त्वाचं हे की उलटा पीळ म्हणजे आधीच भरून ठेवलेली ताकद. जनुक वाचायचं तर ते वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला सुरुवातीच्या जागी, म्हणजे प्रमोटरवर, १२ ते १४ जोड्या उघडाव्या लागतात. वेढे पुरते असलेला डीएनए उघडायला जड जातो, आणि ज्याचे वेढे कमी केलेत तो जरा हात लावला की उघडायलाच बसलेला असतो. गायरेज बंद झालं की हा ताण उतरतो आणि अशा ताणावर जगणाऱ्या जनुकांचा आवाज बसतो.

मग काही जनुकं वाढतात का, ते रात्री लिहितो. लॅबमधनं बोलावणं आलंय.

शहापूर माग
आमचं चार पिढ्यांचं मागाचं घर, वडगाव शहापूर खासबाग भागात. मला तुमचं बायोलॉजी कळत नाही पण पीळ कळतो म्हणून लिहालोय. सुताला पीळ असतो म्हणूनच तर ते सूत, नाहीतर नुसता कापूस. पण कांडी भरताना पीळ जास्त झालेलं सूत हाताला आलं आणि ताण जरा ढिला पडला की ते लगेच स्वतःवरच वळून बसतंय, तिथंच बारीक गुंता होतोय, मग ती तार मागावर तुटणार हे नक्की. आणि कमी पिळाच्या सुताचं उलट, नखानं नुसतं चाळवलं की तंतू फाकून वेगळे. पोरी, तुझ्या त्या दादानं उलटा पीळ म्हटलंय ते मला या दुसऱ्या सुतासारखं वाटलं. चुकत असलो तर सांगा.

घाटमाथा
काका, चुकला नाहीत, बरोब्बर तेच आहे. फाकायला सोपं जातं हाच मुद्दा.

आता राहिलेलं. प्रमोटरवर पॉलिमरेज दोन जागा ओळखतं, एक जनुकाच्या सुरुवातीच्या दहा जोड्या आधी आणि दुसरी पस्तीस जोड्या आधी. या दोन्हींच्या मधे १७ जोड्यांचं अंतर असलं की दोन्ही खुणा पॉलिमरेजच्या सोयीच्या बाजूला येतात. पण डीएनए गोल जिन्यासारखा वळत जातो, त्यामुळं मधलं अंतर १६ किंवा १८-१९ झालं की एक खूण समोर असते आणि दुसरी कडेला वळलेली. पीळ कमी-जास्त झाला की हा कोन बदलतो. म्हणून एका प्रमोटरला उलटा पीळ मानवतो आणि दुसऱ्याला सैल, म्हणजे उलटा पीळ उतरलेला, डीएनए. मलप्रभाकाठ, तुझ्या मॅडमनी जे सांगितलं त्याचं एक कारण हे. आणि सगळ्यात सुंदर उदाहरण गायरेजची स्वतःची जनुकं आहेत, १९८३ मध्ये मेन्झेल आणि गेलर्ट यांनी दाखवलं की डीएनए सैल पडला की गायरेजची जनुकं जोरात चालू होतात. उलटा पीळ कमी पडला, मग तो भरणारे जास्त बनवा. आणि उलटा पीळ उतरवणाऱ्या टोपोआयसोमरेज एक या एन्झाइमच्या जनुकाचं नेमकं उलटं, उलटा पीळ जास्त झाला की ते वाढतं. विहिरीच्या मोटरला टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारं फ्लोट लावतात ना, तसं, फक्त इथं पाण्याच्या जागी पीळ मोजला जातोय.

अगार प्लेट
मी बेळगावातल्या एका कॉलेजात लॅब सांभाळते. यातलं बरंचसं डोळ्यांनी दिसतं हे लक्षात ठेव ताई, नुसता सिद्धांत नाही. प्लाझमिड, म्हणजे जंतूतला छोटा गोल डीएनए, काढून जेलमधून विजेनं चालवलंस की बऱ्याचदा एकाच डीएनएचे दोन-तीन पट्टे येतात आणि पोरं घाबरून विचारतात मॅडम कंटॅमिनेशन झालं काय. नाही झालेलं. पिळलेलं प्लाझमिड आटोपशीर असतं म्हणून जेलमधून सगळ्यात पुढं पळतं, एका पेडाला चीर गेलेलं ढिलं होऊन पसरतं आणि मागं राहतं, दोन्ही पेड तुटून सरळ झालेलं सहसा मधे. वजन तेवढंच, लांबी तेवढीच, फरक फक्त पिळाचा. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी तो जेल परत परत लाइटखाली धरून बघत बसले होते. विषय घेणारच असशील तर तुझ्या मॅडमना विचारून एक जेल चालवूनच दाखव, फळ्यावरच्या चित्रापेक्षा बरं.

जुने मास्तर
चिक्कोडी भागातल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, गणित आणि विज्ञान. मुली, तू मराठीत समजून घ्यायचं म्हणतेस हे वाचून बरं वाटलं. आपल्याकडं कर्नाटकी बेंदराच्या आधी घरोघरी दावी-कासरे वळायचे, माझे वडील घायपाताचा दोर वळायला बसले की मी दुसरं टोक धरून बसायचो. पेड, पीळ, पीळ भरणं, पीळ सोडणं हे सगळे शब्द तिथले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्या लोकांनी केली त्यांना पीळ म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं.

एक करून बघ. दोनपेडी दोर घे, साधारण चार हात लांब, दोन्ही टोकं दोन खुंट्यांना अशी बांध की टोक फिरणार नाही. मधे कुठंतरी दोन पेडांच्या बेचक्यात एक काडी घाल आणि ती काडी न फिरवता दोराच्या बाजूनं सरळ पुढं ढकलत ने. मग पुढचा पीळ बघ आणि मागचा बघ. तुझं पॉलिमरेज म्हणजे ती काडी असं मला वाटतं, त्या निपाणीच्या मुलानं सांगावं.

मलप्रभाकाठ
मास्तर, केलं! म्हशीचं जुनं दावं होतं, ते गोठ्यातल्या दोन खुंट्यांना बांधलं. काडी जराशी सरकवली की पुढं पीळ घट्ट घट्ट होत जातोय आणि मागं दोन्ही पेड एकमेकांना समांतर, पीळच नाही. हातभर गेल्यावर काडी पुढं जाईचना, सोडली की मागंच येतेय. आई विचाराय लागली काय करालीस, मी म्हटलं अभ्यास.

पण मग मला नवीन प्रश्न पडला. काडी मी फिरवली नाही म्हणून असं झालं. काडी दोराभोवती फिरत फिरत गेली असती तर पीळ साचलाच नसता ना? मग पॉलिमरेज स्वतः का फिरत नाही?

घाटमाथा
हाच प्रश्न १९८७ मध्ये लिऊ आणि जेम्स वांग यांनी धरला आणि त्यातनं आलं ते जुळ्या पिळाचं मॉडेल, जे तू गोठ्यात बघितलंस तेच. पुढं जास्तीचा पीळ, मागं कमी पीळ, दोन्ही एकाच वेळी आणि सारख्याच मापाचे.

पॉलिमरेज का फिरत नाही ते बघ. आधीच ते मोठं, त्यात त्याच्या पाठीमागं तयार होत असलेला आरएनए लोंबतोय. बॅक्टेरियात न्यूक्लियस नाही, म्हणून आरएनए पुरा व्हायच्या आधीच त्यावर रायबोसोम चढून प्रथिनं करायला लागतात, म्हणजे शेपटीला ओझं आलं. आणि ते प्रथिन जर पेशीच्या पडद्यात रुतणारं असेल तर सगळीच साखळी पडद्याला खिळली. उसाची ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला जागच्या जागी गिरकी घे म्हटल्यासारखं होईल. म्हणून पॉलिमरेज सरळ जातं आणि फिरायचं काम डीएनएच्या गळ्यात पडतं. टेट्रासायक्लिन या औषधापासून जंतूला वाचवणारं प्रथिन पडद्यात बसतं, त्याचं जनुक ज्या प्लाझमिडवर असतं त्याचा पीळ जिथं टोपोआयसोमरेज एक नाही अशा पेशीत फारच उलटा होतो, हे ऐंशीच्या दशकातच प्रयोगात दिसलं होतं.

आता वेगाचा हिशोब मांड. पॉलिमरेज सेकंदाला ४०-५० अक्षरं वाचतं, म्हणजे सेकंदाला चार-पाच वेढे पुढं ढकलतं. हजार जोड्यांचं जनुक वाचून होईपर्यंत पुढं ९५ वेढे जास्तीचे आणि मागं ९५ कमीचे. आणि डीएनए सगळीकडं मोकळा नाही, साधारण दहा-दहा हजार जोड्यांच्या कप्प्यांत प्रथिनांनी अडवलेला आहे, त्यामुळं हा पीळ लांब जाऊन विरू शकत नाही. तुझी काडी हातभर गेल्यावर अडली तसं पॉलिमरेजही अडतं, आणि २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मिशेल वांग यांच्या गटानं एकेका पॉलिमरेजला डीएनएच्या पिळाविरुद्ध झगडायला लावून ते किती जोर सहन करतं ते मोजलंय.

इथं येतात आपली दोन एन्झाइमं. पुढच्या बाजूला गायरेज, ते साचलेला जास्तीचा पीळ उतरवत जातं. मागच्या बाजूला टोपोआयसोमरेज एक, १९७१ मध्ये त्याच जेम्स वांग यांनी शोधलेलं, ते फाजील उलटा पीळ उतरवतं, त्याला एटीपी लागत नाही, ते एकच पेड कापतं आणि एका वेळी एक वेढा बदलतं. मागं हे नसेल तर वेगळी आफत, मागचा डीएनए इतका सुटा पडतो की नवीन आरएनएच परत त्यात घुसून एका पेडाला चिकटून बसतो आणि मागून येणाऱ्या पॉलिमरेजची वाट अडते. म्हणून एक पुढं, एक मागं.

कोकणवाट
मास्तरांचा दोर आणि काडी आवडली पण एक अडचण सांगतो, दोर हे उदाहरण इथंच थांबतं. दोर बांधलेला असताना पीळ सोडवायचा एकच मार्ग, टोक सोडा. डीएनएला टोकच नाही. गायरेज जे करतं ते दोराला जमणारच नाही. आणि मूळ धाग्यातला टोकं निसटायचा प्रश्न अजून तसाच राहिलाय.

घाटमाथा
बरोबर, तो राहिला होता.

गायरेज चार तुकड्यांचं, दोन ए आणि दोन बी. ते डीएनएचा शे-सव्वाशे जोड्यांहून लांब भाग स्वतःभोवती ठराविक बाजूनं गुंडाळून घेतं. मग एका जागी दोन्ही पेड कापतं, समोरासमोर नाही, चार जोड्यांचं अंतर ठेवून, आणि त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग आरपार घालतं, परत जोडून टाकतं. एका फेरीत दोन वेढे कमी. म्हणजे काका, कापडातला धागा कापून दुसरा धागा त्या कापातून पलीकडं नेऊन पहिला परत होता तसा जोडावा, गाठ न दिसता. आणि कापलेली टोकं मोकळी सुटत नाहीत, कापतानाच ए तुकड्यातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल टोकाला रासायनिक बंधानं चिकटतं. कापणारा आणि टोक धरणारा हात एकच आहे, म्हणून निसटायचा प्रश्न येत नाही.

शोध कसा लागला तेही सांगतो, मला फार आवडतो. १९७६, अमेरिकेतली एनआयएच ही सरकारी आरोग्य संशोधन संस्था. गेलर्ट, मिझुउची, ओडी आणि नॅश. ते गायरेज शोधतच नव्हते. जंतूंना लागणाऱ्या लॅम्डा विषाणूचा डीएनए जंतूच्या डीएनएत कसा जोडला जातो ते नळीत करून बघत होते, आणि त्यांना दिसलं की उलटा पिळलेला डीएनए घातला तरच ते जमतं. मग कधी सैल डीएनए घातला तरी जमायला लागलं, फक्त एटीपी आणि जंतूचा अर्क हवा. म्हणजे अर्कात कुणीतरी बसून सैल डीएनएला उलटा पीळ भरतंय. ते कुणीतरी म्हणजे गायरेज.

दवाखान्याजवळ
माझं औषधाचं दुकान आहे, चिक्कोडी तालुक्यात. सिप्रोफ्लोक्सासिन याच गायरेजवर काम करतं ना?

घाटमाथा
हो, आणि कसं ते महत्त्वाचं. सिप्रो गायरेजला नुसतं थांबवत नाही, कापलेल्या अवस्थेत अडकवून ठेवतं. कापून झालंय, टोक हातात आहे, जोडता येत नाही. जिथं पॉलिमरेज नाहीतर रेप्लिकेशनची गाडी येऊन त्याला धडकते तिथं ते कायमचं तुटलेलं टोक होतं आणि जंतू मरतो. माणसाच्या पेशीत पीळ सोडवणारी एन्झाइमं आहेत पण गायरेज नाही, म्हणून औषध जंतूला लागतं. नोव्होबायोसिन हे औषध वेगळं, ते बी तुकड्यावर एटीपीच्या जागी बसतं. टीबीच्या जंतूत तर दोन्ही पेड कापणारं एन्झाइम एकच आहे, गायरेज, त्यामुळं औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत सिप्रोच्याच जातीची लेव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन किती मोलाची ते समज. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या व्ही. नागराज यांच्या गटानं २०१७ मध्ये याच जंतूत दाखवलं की जिथं ट्रान्सक्रिप्शन जोरात तिथंच गायरेज आणि टोपोआयसोमरेज एक दोघंही जाऊन बसलेली असतात.

दवाखान्याजवळ
एका अमिनो आम्लाचा बदल झाला की सिप्रो चालत नाही म्हणतात, ए तुकड्यात ८३ नंबरला. टायफॉइडच्या जंतूत आपल्या देशात तो बदल भरपूर पसरलाय. लोक चिठ्ठी नसताना दोन गोळ्या द्या म्हणून येतात, मी देत नाही, भांडण झालं तरी देत नाही. आज कळलं मी नेमकं काय वाचवतोय ते. धन्यवाद.

मलप्रभाकाठ
आज वर्गात बोललो मी. दावं घेऊन गेलो होतो, चौघी मैत्रिणींनी टोकं धरली आणि मी काडी सरकवली. अगार प्लेट अक्का, जेल पण चालवला, मॅडमनी वेळ दिला, दोन पट्टे आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ती कन्नड माध्यमातली, की मग जनुक चालू-बंद चालू-बंद असं झटक्यात का चालतं, नळासारखं एकसारखं का नाही. मला उत्तर आलं नाही.

घाटमाथा
फार चांगला प्रश्न, तिला सांग. २०१४ मध्ये सनी शे यांच्या गटानं, हार्वर्डमध्ये, हेच दाखवलं. जोरात चालणाऱ्या जनुकावर एकामागं एक पॉलिमरेज धावतात, पुढं पीळ साचत जातो, गायरेज सगळीकडं पुरत नाही, आधी वाचायचा वेग मंदावतो आणि मग सुरुवातच बंद पडते. गायरेज तिथं येऊन बसलं की परत चालू. म्हणजे ते झटके गायरेजच्या येण्या-जाण्याचे. आणि २०१९ मधलं एक काम आहे, एकाच जनुकावर मागून येणारं पॉलिमरेज पुढच्याला मदत करतं, कारण मागच्याच्या पुढचा जास्तीचा पीळ आणि पुढच्याच्या मागचा कमीचा पीळ एकमेकांत जिरून जातात. नवीन पॉलिमरेज यायची थांबली की आधी निघालेलीही मंद होतात.

हेही सांग तिला, की एटीपी कमी पडलं, मीठ वाढलं, पेशीची वाढ थांबली, की पीळ बदलतो आणि त्याबरोबर एका दमात शेकडो जनुकं बदलतात. कुठल्या एका प्रथिनानं प्रत्येक जनुकापाशी जाऊन सांगावं लागत नाही.

जुने मास्तर
दोन जनुकं एकमेकांकडं तोंड करून असतील तर?

घाटमाथा
मास्तर, दोघांचाही जास्तीचा पीळ मधेच साचतो आणि दोघंही अडतात. पाठीला पाठ लावून असली तर उलट, मधला भाग दोन्ही बाजूंनी सुटा होतो आणि दोघांच्या प्रमोटरला फायदा मिळू शकतो. साल्मोनेला या जंतूत प्रमोटरच्या एका अक्षराच्या बिघाडानं बंद पडलेलं एक जनुक आहे, टोपोआयसोमरेज एकशिवायच्या पेशीत ते परत चालू होतं. अक्षर अजून चुकीचंच आहे, फक्त पीळ बदलला.

मलप्रभाकाठ
आत्ताच करून बघितलं. त्याच दाव्यात दोन काड्या घातल्या, एक मी धरली एक भावानं, आणि एकमेकांकडं सरकवत आणल्या. मधला वितभर दोर इतका पिळला की आधी कडक झाला, मग एका बाजूला उचलून त्याची वेटोळी उभी राहिली. भावाच्या हातातनं काडी सुटली आणि सगळा पीळ सर्रकन त्याच्या बाजूला निघून गेला. काडी कुठं उडाली ते अजून सापडली नाही. आई दावं घेऊन गेली, धारेची वेळ झालीय.